पडद्यावरील वेश आणि आपल्या इतिहासाची साक्ष
(इंग्रजी अमदानीवरील दूरचित्रवाणी मालिकांतील पोशाख व नेपथ्य यांविषयीच्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी जो विषय आपल्यापुढे मांडणार आहे, तो प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. इंग्रजी अमदानीतील जीवनावर दूरचित्रवाणीवर ज्या मालिका दाखविल्या जातात, त्यांतील माणसांच्या अंगावरचे कपडे आणि त्यांच्या भोवतीची घरेदारे खरी असतात की खोटी, हा तो विषय होय. कोणी म्हणेल, ज्या समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, घराचे आणि अन्यायाचे प्रश्न उभे आहेत, त्याने पागोट्याची घडी आणि लुगड्याचा काठ तपासण्यात वेळ का दवडावा? या शंकेचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे.

आज आपल्या मुलांना इतिहास प्रथम भेटतो तो पुस्तकात नव्हे, तर पडद्यावर. १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका सुरू झाली. २०१९ आणि २०२० या वर्षांत स्टार प्रवाह वाहिनीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील मालिका घरोघर पाहिली गेली. २०२० साली सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' ही मालिका झाली. संध्याकाळी जेवणाच्या वेळी सारे कुटुंब एकत्र बसून जे पाहते, ते मनावर कोरले जाते. मूल मोठे झाल्यावर त्याला संवाद आठवत नाहीत. पण आपल्या पणजोबांच्या काळी माणसे कशी दिसत होती, याचे चित्र त्याच्या मनात कायम राहते. ते चित्र चुकीचे असेल तर त्यावर उभारलेला विचारही चुकीचा होतो.

इतर समाजांना पोशाख ही हौसेची किंवा ऐपतीची बाब होती. आपल्या समाजाला ती कायद्याची बाब होती. कोणी काय नेसावे, काय नेसू नये, कोणता दागिना घालावा, कोणत्या धातूचा घालावा, हे जातीने ठरवून दिलेले होते, आणि तो नियम मोडणाऱ्यास शासन होते. म्हणूनच आपल्या पूर्वजांचा वेश हा आपल्या गुलामगिरीचा पुरावा आहे, आणि त्यांनी बदललेला वेश हा त्यांच्या बंडाचा पुरावा आहे. पुरावा बदलणे म्हणजे साक्ष बदलणे.

या म्हणण्यास आधार काय, असे तुम्ही विचारावे. आधार बाबासाहेबांनीच देऊन ठेवला आहे. १९३६ सालच्या आपल्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात त्यांनी इंदूर संस्थानातील बलाई लोकांवर लादलेल्या अटींची यादी दिली आहे. जानेवारी १९२८ मध्ये त्या वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाल्या होत्या. बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालू नये. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये. बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, शोभिवंत झगे किंवा जाकिटे घालू नयेत. आणि हे मान्य नसेल तर गाव सोडून चालते व्हावे. त्याच ग्रंथात पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, याचाही उल्लेख आहे.

दक्षिणेकडे त्रावणकोर संस्थानात शाणार, म्हणजेच नाडर, जातीच्या स्त्रियांनी ऊर झाकावा की नाही यासाठी एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षे झगडा चालला. अखेर जुलै १८५९ मध्ये संस्थानच्या जाहीरनाम्याने त्यांना ऊर झाकण्याची मुभा मिळाली. परंतु ती देतानाही वरिष्ठ जातींच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेता कामा नये, ही अट कायम ठेवली गेली. एका वस्त्राच्या तुकड्यासाठी ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्या काळावरील मालिकेत सर्वच स्त्रिया सरसकट शिवलेल्या चोळ्या घालून वावरू लागल्या, तर तो झगडा झालाच नाही असे पाहणाऱ्यास वाटेल.

आता याच विषयातील सर्वांत मोलाचा प्रसंग पाहा. बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या ओळखल्या जातात आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात त्या आहेत. त्यांतील पहिली आठवण १९०१ सालची आहे. त्यांचे वडील तेव्हा सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे जाण्यासाठी भीमराव, त्यांचे वडीलबंधू आणि बहिणीची मुले आगगाडीने निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर जवळ आला, त्याने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपण महार आहोत असे सांगताच त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला.

या प्रसंगात मुलांच्या अंगावर काय होते? बाबासाहेबांनी ते मुद्दाम लिहून ठेवले आहे. प्रवासासाठी नवे विलायती धर्तीचे सदरे, भरजरी चमकदार टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे घेतलेली होती. पोशाखावरून ती मुले अस्पृश्य असतील, अशी शंकाही स्टेशनमास्तरास आली नाही. त्याला ती ब्राह्मणाची मुले वाटली. सारा प्रसंग उभा आहे तो त्या कपड्यांवर.

आता कल्पना करा की एखाद्या मालिकेच्या वेशभूषाकाराने विचार केला, मुले अस्पृश्य आहेत, तेव्हा त्यांना फाटके, मळके कपडे घालावेत. मग काय होईल? स्टेशनमास्तर त्यांना पाहताच ओळखेल, त्याच्या आपुलकीला कारण उरणार नाही आणि नंतरच्या तिरस्काराला अर्थ उरणार नाही. प्रेक्षक म्हणेल, बिचारी गरीब मुले! बाबासाहेबांना मात्र त्याच्या नेमके उलट सांगावयाचे आहे. पैसा होता, कपडे होते, जोडे होते, गाडीवानाला दुप्पट भाडे देण्याची तयारी होती; तरीही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसावयास तयार नव्हता. मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने पायी चालावे, असा तोडगा निघाला. अस्पृश्यता ही दारिद्र्याची बहीण असेल. परंतु अस्पृश्यता म्हणजे दारिद्र्य नव्हे. आमचे दुःख केवळ गरिबीचे होते असे जे लोक आजही म्हणतात, त्यांना उत्तर देणारा हा प्रसंग आहे. चुकीचा सदरा घातला की ते उत्तर नाहीसे होते.

त्याच आठवणींत शाळेचे वर्णन आहे. वर्गात बसण्यासाठी भीमरावास गोणपाटाचा वेगळा तुकडा होता. पाण्याची सोय नळाची होती. परंतु नळ स्वतः उघडण्याची मुभा नव्हती, शिपाई हजर असेल तरच पाणी मिळे. नेपथ्यकाराने येथे नळाऐवजी रांजण ठेवला तर काय बिघडले, असे वाटेल. बिघडते ते असे. नळ ही नव्या राज्याने आणलेली, सर्वांसाठी म्हणून उभारलेली सोय होती. यंत्र नवे आले, पाणी नळातून आले. पण जात त्या नळापर्यंतही पोहोचली. रांजण दाखविला की ही गोष्ट जुन्या काळातील अडाणी चालीसारखी वाटू लागते. घरी कपडे धुण्याचीही तीच कथा. साताऱ्यात परीट होते, त्यांना द्यावयास पैसे होते, परंतु परीट कपडे धुवावयास तयार नव्हते. तेव्हा आंबेडकरांच्या घरच्या अंगणात बहिणी कपडे धूत आहेत असे दृश्य दाखविले, तर तो घरकामाचा साधा देखावा नसतो. बहिष्काराचा देखावा असतो.

आता भगिनींना उद्देशून बोलतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जी परिषद भरली, तीत मनुस्मृतीचे दहन झाले हे आपण सर्व जाणता. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले, आणि त्यात लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावेत, याविषयी सविस्तर उपदेश केला. कोपरापर्यंत चढविलेले चांदीचे वा कथलाचे गोट आणि गळाभर गळसऱ्या ही तुम्हांस ओळखण्याची खूण होऊन बसली आहे, ती टाका; वरच्या वर्गातील स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा; कपडे साधे असोत, पण स्वच्छ असोत, असा त्या उपदेशाचा भावार्थ होता. परिषदेतील स्त्रियांनी तो लगेच अमलात आणला. म्हणजे महाडच्या त्या दिवसांत एका समाजाचा वेश पाहता पाहता बदलू लागला. एखाद्या मालिकेला यापेक्षा बोलका देखावा कोणता हवा? पण तो दाखवावयाचा तर आधीच्या भागांत ते गोट, त्या गळसऱ्या आणि तो आखूड नेसलेला लुगड्याचा घोळ प्रामाणिकपणे दाखविलेला असला पाहिजे. आधीपासूनच सर्व स्त्रिया भडक काठाच्या, घडी न मोडलेल्या साड्यांत वावरत असतील, तर महाडच्या भाषणाला दाखविण्याजोगे काही राहत नाही.

येथे एक विरोध तुमच्या ध्यानात आला असेल. इंदूरकडे बलाई स्त्रियांना चांदी घालण्याची बंदी होती. कोकणात आपल्या स्त्रियांना चांदी व कथील टाकण्याचा उपदेश करावा लागला. एकीकडे दागिना नाकारून माणूस हलका ठरविला, दुसरीकडे ठरावीक दागिना हीच हलकेपणाची खूण झाली. यावरून स्पष्ट होते की 'दलितांचा पोशाख' नावाची एकच ठरावीक वस्तू कपडेपटात असू शकत नाही. गाव, वर्ष आणि जात पाहूनच वेश ठरविला पाहिजे.

महात्मा फुल्यांचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. १८८८ साली पुण्यास ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी समारंभ केला. तेथे जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि समोर बसलेल्या जडजवाहिराने मढलेल्या मंडळींवरून हिंदुस्थानची पारख करू नका, खरी प्रजा खेड्यांत आहे, असे त्यांनी राजपुत्रास सुनावले. जोतीराव एरवी स्वच्छ पागोटे, उपरणे आणि अंगरखा वापरणारे, बांधकामाचे ठेके घेणारे सधन गृहस्थ होते. म्हणून त्यांना प्रत्येक प्रसंगी घोंगडीत दाखविणारी मालिका त्यांच्या या युक्तीची धारच बोथट करते. सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर शेणचिखल फेकला जाई म्हणून बरोबर दुसरे लुगडे नेत, असे परंपरेने सांगितले जाते. ते दुसरे लुगडे जर पहिल्याइतकेच भरजरी आणि झगझगीत असेल, तर त्या माउलीच्या हालअपेष्टांचा उत्सव होतो.

शिवाय ज्या वास्तू आपल्या डोळ्यांपुढे होत्या त्याही आता कमी होत आहेत. १८४८ साली पुण्याच्या ज्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तो वाडा राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरविण्यात आला. स्मारक व्हावे ही आपलीच मागणी होती. पण पुढील पिढीतील नेपथ्यकारास तो वाडा पाहून मोजमाप घेता येणार नाही, हेही खरे. त्याला छायाचित्रांवर आणि नकाशांवर विसंबावे लागेल. म्हणून पडद्यावर उभारलेला खोटा वाडा यापुढे अधिक घातक ठरणार आहे, कारण तो खोटा आहे असे सांगणारा खरा वाडा उरलेला नाही.

इंग्रजांनी काढलेल्या मालिकांचाही येथे विचार करू. १९८४ साली 'द ज्युएल इन द क्राउन' ही चौदा भागांची मालिका विलायतेत गाजली. तिचे चित्रण काही हिंदुस्थानात आणि काही मँचेस्टर येथील कलागृहात झाले. २०१५ साली आलेल्या 'इंडियन समर्स' या मालिकेत १९३२ चा सिमला दाखविला आहे. पण तो उभारला मलायातील पिनांग बेटावर, कारण आजच्या सिमल्यात नव्या इमारतींची दाटी झाली आहे आणि पिनांगला त्या काळच्या धाटणीचे बंगले टिकून आहेत. यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. जागा बदलली तरी देखावा खरा उभारता येतो. पण अशी मालिका पाहताना एक प्रश्न मनाशी विचारा: साहेबाच्या टोपीला आणि मडमेच्या हातमोज्याला जेवढे संशोधन लाभले, तेवढे त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या पंखेवाल्याला आणि पहाटे संडास साफ करणाऱ्या भंग्याला लाभले आहे काय? बंगल्याच्या मागल्या दारी एक वेगळी वाट असे. ती वाट नेपथ्यात आहे की नाही, यावरून त्या मालिकेच्या खरेपणाची परीक्षा होते. आणि १९३२ म्हणजे कोणते वर्ष, हे आपल्याला सांगावयास नको. त्या सप्टेंबरात पुणे करार झाला.

आता काही साध्या कसोट्या सांगतो. मुलांना जवळ घेऊन त्या लावून पाहा. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. त्या काळी कंपनीच्या देशी पायदळाचा गणवेश लाल डगल्याचा होता. खाकी त्यानंतर कित्येक वर्षांनी आली. शिपाई खाकीत दिसले तर समजावे की कोणी चौकशी केलेली नाही. रासायनिक रंगाचा शोध १८५६ साली विलायतेत लागला. तेव्हा १८४८ च्या शाळेतील मुलींच्या अंगावर झगझगीत जांभळा रंग नको. नायलॉन १९३० नंतरचे आणि पॉलिएस्टर त्याहूनही नंतरचे. महाडच्या मंडपात चकाकणारे, न चुरगळणारे कापड असू शकत नाही. गाठीची चोळी आधीची, बटणांचे पोलके मागाहूनचे. शिवलेली नऊवारी आज नटीच्या सोयीसाठी मिळते. पण खरे लुगडे नेसलेली स्त्री चालते, बसते आणि ओझे उचलते ते निराळेच असते. मंगलोरी कौलांचा पहिला मोठा कारखाना बासल मिशनने १८६५ साली काढला. त्याआधीच्या महारवाड्यावर ती कौले नकोत, गवत हवे. मुंबईत विजेचा पुरवठा १९०५ च्या सुमारास सुरू झाला आणि विजेची ट्राम १९०७ साली धावली, त्यापूर्वी घोड्यांची ट्राम होती. परळच्या चाळीत बाबासाहेब कंदिलाच्या उजेडात वाचत असले तर तो उजेड कंदिलाएवढाच पिवळा आणि अपुरा दिसला पाहिजे.

यावर मालिका काढणारे म्हणतील, रोज एक भाग द्यावयाचा, वेळ नाही, पैसा नाही, आणि प्रेक्षकांना डोळ्यांस सुखावणारे हवे. वेळेची अडचण मला मान्य आहे. पण गोणपाटाचा तुकडा, घोंगडी, कथलाचा गोट आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले धोतर यांना भरजरी शालूपेक्षा कमी पैसा लागतो. उणीव पैशाची नसून विचारण्याची असते.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. ते म्हणतात, आमच्या पूर्वजांना लक्तरांत, आमच्या आजीला उघड्या अंगाने कशाला दाखविता? मुलांची मान खाली जाते. हे दुःख खरे आहे. माझे उत्तर असे की, जेथे लक्तरे होती तेथे ती दाखवावीत, पण पाहणाऱ्याची नजर पीडितावर रेंगाळू न देता पीडा देणाऱ्याकडे वळवावी. त्रावणकोरच्या स्त्रीचे शरीर दाखविण्याची गरज नाही. तिच्या अंगावरचे वस्त्र ओढणारा हात दाखवावा. लाज त्या हाताची आहे.

आणि सत्याचे बंधन आपल्यावरही आहे, हे विसरू नका. बाबासाहेब म्हटले की निळा सूट, असे आपल्या मनात बसले आहे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेताना त्यांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. १९२७ च्या डिसेंबरातील महाडच्या मंडपात एकच तसबीर लावलेली होती आणि ती गांधींची होती. पुढे १९३२ साली जे घडले ते ध्यानात घेता आज कोणा नेपथ्यकारास ती तसबीर काढून टाकावीशी वाटेल, आणि आपल्यातील काहींना तेच बरे वाटेल. तसे करू नये. ती तसबीर तेथे होती, यातच त्या काळी आपल्या माणसांनी किती आशा धरली होती आणि पुढे ती का सुटली, याची साक्ष आहे. गोरगरिबांच्या इतिहासाला लबाडीचा आधार लागत नाही.

शेवटी तुम्ही काय करावे ते सांगतो. घरातील जुनी छायाचित्रे पेटीतून काढा. त्यांच्या पाठीमागे नाव, गाव आणि साल लिहा. आजीचे लुगडे, आजोबांची पलटणीतील पट्टी, पणजीने महाडनंतर टाकलेला आणि अडगळीत राहिलेला गोट असेल, तर तो मोडीत घालू नका. जवळच्या विहारात किंवा ग्रंथालयात त्याची नोंद करा. वृद्ध स्त्रियांना विचारा, लुगडे पूर्वी कसे नेसत, कोणत्या विहिरीवरून पाणी आणीत, कोणत्या वाटेने जाण्यास बंदी होती; आणि उत्तरे लिहून ठेवा. पडद्यावर चूक दिसली तर शिवीगाळ करू नका. वर्ष, गाव आणि आधार देऊन वाहिनीस पत्र लिहा. आपण जी धम्मदीक्षा घेतली, तीत पाहिल्यावाचून आणि पारखल्यावाचून काही न स्वीकारण्याची शिकवण आहे. ती विहारात जशी पाळावयाची, तशीच घरातील पडद्यासमोरही पाळावयाची आहे.

मसूरच्या फलाटावरील त्या मुलांनी नवे कोरे कपडे घातले होते. त्यांचे ते कपडे त्यांच्या अंगावर राहू द्या. इतिहास सांगणाऱ्यांकडून आपली मागणी एवढीच आहे.

जय भीम.